काचेतला डोह

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्र लागला की आमची गिरणा नदी आटत जाते. पात्रातली वाळू आणि गोटे उघडे पडतात आणि मध्येच एखादा डोह तग धरून राहतो. जळगावजवळ कानळद्याच्या बाजूला अशा एका डोहाकाठी मी कित्येक संध्याकाळी बसलो आहे. पाणी नितळ असलं की तळ दिसतो. मोठा दगड आपल्या जागी रुतलेला असतो. त्याच्या ज्या अंगावर धार आपटते, तिथली वाळू धुपून खड्डा पडलेला असतो. पाठीमागे धारेचा जोर मोडतो, म्हणून तिथे बारीक वाळूची लांब शेपटी साचते. आणि त्या आडोशाला मासोळ्या धारेकडे तोंड करून उभ्या असतात. घरातली माशांची टाकी कशी मांडावी, हे मी त्या डोहाकाठी शिकलो.

माझी पहिली टाकी वेगळी होती. तळाला निळे रंगीत खडे, मागे समुद्राचं चित्र आणि प्लास्टिकची दोन झाडं. तिच्यात मी कन्व्हिक्ट सिक्लिडची जोडी आणून सोडली. अंगावर काळे-करडे पट्टे असलेले हे मासे. आठवड्याभरात नराने मादीचे पर फाडले, आणि एका सकाळी ती मेलेली दिसली. मला वाटलं, मासाच दुष्ट आहे. पण त्या उघड्या टाकीत मादीला नजरेआड व्हायला वीतभरही जागा नव्हती. चूक माझी होती.

सिक्लिड हे फार मोठं कूळ आहे. आफ्रिका, मध्य आणि दक्षिण अमेरिका इथे त्यांच्या शेकडो जाती आहेत. बाजारात आपण चिलापी म्हणून जो मासा घेतो, तो तिलापिया याच कुळातला, मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो भारतात आणला गेला. कोकणातल्या खाड्यांमधला कालुंदर, ज्याला केरळात करीमीन म्हणतात, तोही सिक्लिडच, आणि तो आपल्या देशातलाच आहे. आज मात्र मी बोलतोय ते मध्य अमेरिकेतल्या कन्व्हिक्ट आणि फायरमाउथ या दोन माशांबद्दल. दोन्ही आटोपशीर आकाराचे, आणि दोघांनाही आपलं पाणी मानवतं. आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी इतकं जड असतं की त्यात डाळ लवकर शिजत नाही. डिस्कससारख्या मऊ पाण्यातल्या माशाला ते सोसत नाही. पाणी बदलत बसण्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

या माशाला घर लागतं आणि घराला हद्द लागते. बांधावरून भाऊबंदांत कसे वाद होतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सिक्लिडचंही तसंच आहे. समोरचा दिसत राहिला की तो चवताळतो. मध्ये दगड आला आणि नजर तुटली की दोघंही आपापल्या कामाला लागतात. म्हणून टाकीत दगड ठेवताना मी खाली वाकतो, माशाच्या उंचीवरून पाहतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ दिसत असेल, तर मांडणी अजून झालेली नाही.

टाकी निदान चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच घ्या. हिच्यात अडीचशे लिटर पाणी मावतं. पाण्याचंच वजन अडीचशे किलो झालं, वर दगड, वाळू, काच. तेव्हा स्टँड लोखंडी आणि सपाट हवा, टाकीखाली थर्माकोल हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी दगड, मग वाळू. मी पूर्वी उलट केलं होतं. वाळू पसरली, तिच्यावर दगडांची कपार रचली, दिसायला सुरेख झाली. पण सिक्लिड वाळू उपसतात. तोंडात भरतात, दूर नेऊन टाकतात, रात्रंदिवस. त्यांनी दगडाखालची वाळू काढली, मधला दगड घरंगळला आणि समोरच्या काचेला तडा गेला. मध्यरात्री घरभर पाणी झालं. तेव्हापासून तळाच्या काचेवर थर्माकोलची पातळ चकती ठेवतो, तिच्यावर थेट मोठा दगड बसवतो, हाताने हलवून पाहतो, आणि मगच भोवती वाळू ओततो. मासा मग कितीही उकरो, दगड जागचा हलत नाही.

दगड आपला काळा पाषाणच उत्तम. शंका असेल तर त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर त्यात चुना आहे; तापीच्या मळईत असे पांढरे चुनखडीचे खडे पुष्कळ सापडतात. आपलं पाणी आधीच जड, त्यात आणखी चुना कशाला? वाळू दीड-दोन इंच पुरते, म्हणजे साधारण तीन घमेली. गिरणेची वाळू आधीच भरपूर उपसली गेली आहे, त्या उघड्या पडलेल्या पात्राकडे पाहवत नाही. टाकीसाठी नदीवर पाटी घेऊन जाऊ नका. कुणाच्या बांधकामातली उरलेली मागून घ्या, चाळा, आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुवा.

धार कशी आणायची? टाकीच्या एका टोकाला पॉवरहेड, म्हणजे पाणी ढकलणारी छोटी मोटर, आणि दुसऱ्या टोकाला फिल्टरचं पाणी ओढणारं तोंड. काही हौशी लोक वाळूखालून पाइप टाकून सगळं पाणी एकाच दिशेला पळवतात. डोंगरी ओढ्यातल्या माशांना ते हवंच असतं, पण कन्व्हिक्टला इतका जोर लागत नाही, आणि ते पाइप उकरून काढतात. मला अर्धी टाकी वाहती आणि अर्धी निवांत अशी आवडते. मोटर सुरू करून पाण्यात चार-दोन वाळकी पानं सोडा. ती कुठे पळतात, कुठे गरगरतात, कुठे जाऊन बसतात ते पाहा. जिथे पान बसलं तिथे बारीक वाळू, जिथे पळालं तिथे गोटे. मोठ्या दगडामागे लहान गोटे, त्यांच्यामागे वाळूची शेपटी. लाकडाचं मूळ ठेवलंत तर त्याचा शेंडा धारेच्या दिशेने कलू द्या. शेजारच्या आजी पहिल्यांदा पाहायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मासा कोठे शेतस रे भाऊ? आठे ते नुसता दगडच दगड शेतस." मला फार बरं वाटलं. मासे होते, आपापल्या कपारीत निर्धास्त होते.

टाकी मांडली म्हणून लगेच मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात माशांना सोसतं. हे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. दुधाला विरजण लावावं तसं हे काम आहे. आपल्याकडे याची जास्तच काळजी हवी, कारण पाणी अल्कधर्मी (अल्कलाइन) आणि गरम असलं की तेवढाच अमोनिया अधिक विषारी होतो.

गरम म्हटलं की मे महिना आला. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला तो साडेसातवर येतो. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले तर ते भुकेचं लक्षण समजू नका. टाकीचं काचेचं झाकण काढून जाळी घाला आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. माठातलं पाणी ज्यामुळे गार होतं, त्यामुळेच हेही होतं. आपली हवा कोरडी असल्याने दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. पाणी मात्र उडून जातं, ते रोज भरावं लागतं. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे मिळतात. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. दोन-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात ते सोनं आहे, आणि त्यातलं नायट्रेट झाडांना खत म्हणून लागतं. माझ्या अंगणातला कढीपत्ता त्याच पाण्यावर वाढला आहे.

सगळं जमलं की एके दिवशी कन्व्हिक्टची मादी कपारीत दिसेनाशी होते. तिच्या पोटावर नारिंगी झाक आलेली असते. अंडी दगडाला आतून चिकटवलेली असतात; मादी त्यांना परांनी वारा घालते, नर बाहेर राखण करतो. तीनेक दिवसांत अंडी फुटतात आणि पुढच्या आठवड्यात पिल्लांचा बारीक ढग वाळूवर तरंगायला लागतो. आईबाप दोन्ही बाजूंनी चालतात.

ही पिल्लं खूप होतात, शेकड्यांनी. ती दुकानदाराला द्या, मित्रांना द्या. गिरणेत, तापीत, विहिरीत किंवा शेततळ्यात मात्र एकही सोडू नका. तिथल्या मासोळ्यांचं घर त्यांचं आहे, आणि बाहेरून आलेला मासा एकदा रुजला की तो काढता येत नाही.

माझ्या टाकीत आत्ता अशी एक जोडी आहे. दिवा मालवायच्या आधी मादी पिल्लांना तोंडात घेते आणि मोठ्या दगडामागच्या खड्ड्यात नेऊन सोडते. तो खड्डा मी केलेला नाही, तिनेच उकरला आहे, धारेच्या आडोशाला.

नमस्कार.