तोच प्रश्न, बारा वेळा

(काळा पडदा. फक्त स्टुडिओतला आवाज.)

१३ मे १९९७. लंडन. बीबीसी टूवर रात्रीचा बातम्यांचा कार्यक्रम ‘न्यूजनाइट’ सुरू आहे. पाहुणे मायकल हॉवर्ड, आता-आतापर्यंत ब्रिटनचे गृहमंत्री. १ मेच्या निवडणुकीत त्यांचा हुजूर पक्ष सपाटून हरला. आता पक्षाचा नवा नेता निवडायचाय आणि हॉवर्ड इच्छुक आहेत.

समोर मुलाखतकार जेरेमी पॅक्समन. विषय जुना. जानेवारी १९९५ मध्ये पार्कहर्स्टच्या तुरुंगातून तीन कैदी पळाले. तिथल्या गव्हर्नरला, म्हणजे त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याला, निलंबित करा, नाहीतर तुम्हाला डावलून मी निर्णय घेईन, असं हॉवर्डनी तुरुंगखात्याचे प्रमुख डेरेक लुईस यांना धमकावलं होतं का? त्याच वर्षी लुईस यांची नोकरी गेली होती.

(हॉवर्ड यांचा चेहरा, जवळून.)

हॉवर्ड पेशानं वकील. मला मत मांडायचा हक्क होता, आदेश द्यायचा नव्हता, आणि तो मी दिला नाही, असं ते सांगतात. कायद्याच्या भाषेत चोख उत्तर. पण प्रश्न आदेशाचा नव्हताच, धमकीचा होता.

पॅक्समन पुन्हा विचारतात. पुन्हा तेच उत्तर, शब्द थोडे इकडचे तिकडे. मग पॅक्समन उद्धटपणाबद्दल माफी मागतात आणि परत तोच प्रश्न. हो की नाही? मोजणारे सांगतात, बारा वेळा.

ही क्लिप मुलाखतकाराच्या शौर्याचा नमुना म्हणून दाखवली जाते. मला तिच्यात हॉवर्ड यांची अडचण जास्त दिसते. ते उठून का गेले नाहीत? कारण जाऊन चालणार नव्हतं. मंत्रिपद गेलेलं, नेतेपद हवं होतं, आणि त्यासाठी पडद्यावर दिसणं भाग होतं. गृहखात्याच्या खुर्चीत असते, तर ‘साहेब कामात आहेत’ एवढा निरोप पुरला असता.

आणि पॅक्समन? त्यांनीच पुढं सांगितलं, की पुढच्या बातमीची टेप तयार नाही, वेळ काढा, असं कानातल्या यंत्रातून त्यांना कळवण्यात आलं होतं. दुसरा प्रश्न सुचेना, म्हणून तोच विचारत राहिलो. म्हणजे घड्याळ त्यांच्याही हातात नव्हतं. ते होतं कंट्रोल रूममध्ये.

नेतेपदाच्या पहिल्याच फेरीत हॉवर्ड पाचांत पाचवे आले. २००३ मध्ये मात्र ते पक्षाचे नेते झाले. पुढच्या वर्षी पॅक्समननी तो प्रश्न परत काढला, तेव्हा त्यांनी हसत-हसत सांगून टाकलं, नाही, धमकी दिली नव्हती.

(दृश्य बदलतं. २००७, गुजरात.)

आता याच्या उलटं. मुलाखतकार करण थापर, ब्रिटिश टीव्हीत तयार झालेले. पाहुणे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी. प्रश्न २००२ च्या दंगलींचे. जेमतेम तीन मिनिटं होतात. मोदी पाणी मागतात, ‘दोस्ती बनी रहे’ म्हणतात, माइक काढून ठेवतात. मुलाखत संपली.

माणूस मात्र चिडलेला नव्हता. थापर लिहितात, त्यानंतर तासभर आपण तिथंच होतो. चहा, मिठाई, ढोकळा, सगळं पुढं आलं. आदरातिथ्यात काही कमी नाही. फक्त कॅमेऱ्यासमोर परत बसायला यजमान तयार नव्हते. इथं यजमान कोण आणि पाहुणा कोण, तुम्हीच बघा.

भाजपचे मंत्री आणि प्रवक्ते पुढं आपल्या कार्यक्रमाला यायचेच बंद झाले, असं थापर यांनी २०१८ साली आपल्या आठवणींत लिहिलंय.