प्लास्टिकच्या हिरवळीवर व्हॅक्यूम क्लीनर

श्रोतेहो, नमस्कार. पूर्वी युरोपात राजेरजवाड्यांच्या भिंतींवर चित्रं विणलेले भव्य कापडी पट टांगलेले असायचे. टॅपेस्ट्री म्हणतात त्यांना. त्यांवर शिकारी, लढाया, देवदेवता. इंग्लंडचे कलावंत ग्रेसन पेरी यांनी २०१२ साली याच राजेशाही कलेत साध्या माणसांचे संसार विणले. असे एकूण सहा पट आहेत, प्रत्येक दोन मीटर उंच, चार मीटर रुंद.

त्यासाठी ते संडरलंडच्या कामगारवस्तीत गेले, टनब्रिज वेल्सच्या मध्यमवर्गीयांत बसले, कॉट्सवोल्ड्सच्या उमरावांकडे गेले. त्यांचं म्हणणं असं, की आपली आवड सगळ्यात जास्त ठरवतो तो आपला वर्ग. पुन्हा सांगते, आपली आवड आपला वर्ग ठरवतो.

या पटांमधल्या गोष्टीचा नायक टिम रेकवेल. अठराव्या शतकात विल्यम होगार्थनं आठ चित्रांत टॉम रेकवेल रंगवला होता. बापाचा पैसा उधळून तुरुंगात आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचलेला. टिम त्याचाच वारस, पण हा गरिबाघरी जन्मतो आणि श्रीमंत होतो.

आता मला सगळ्यात आवडणारा तिसरा पट. टिम विद्यापीठात कॉम्प्युटर शिकतोय, टनब्रिज वेल्सची मुलगी त्याची मैत्रीण आहे. डावीकडे त्याच्या आईचं नवं घर. खाली प्लास्टिकची हिरवळ, आणि आई त्या हिरवळीवर चक्क व्हॅक्यूम क्लीनर फिरवतेय! सावत्र वडील गोल्फ खेळून परततायत. घरात भांडण झालंय, आणि टिम मैत्रिणीला घेऊन बाहेर पडतोय. इटलीचा जुना चित्रकार मसाच्चो, त्याच्या चित्रात स्वर्गातून हाकलले गेलेले आदम आणि ईव्ह आहेत ना, तसेच हे दोघं निघालेत. वाटेत इंद्रधनुष्य, आणि वरून बघतोय टीव्हीवरचा शेफ जेमी ऑलिव्हर. वरच्या वर्गात चढणाऱ्यांचा देवच जणू! उजवीकडे मुलीच्या आईवडिलांकडे जेवणाची पंगत मांडलेली, पेले उंचावून टिमचं स्वागत चाललंय. इकडे आई एकटी गवत झाडतेय. माझा तर त्या आईसाठीच जीव तुटतो. कष्टानं मिळवलेलं घर लख्ख ठेवलं, यात तिचं काय चुकलं?

त्यावरून आठवलं, कपबशांचा चांगला सेट पाहुण्यांसाठी कपाटात कोंडून ठेवणं मला मुळीच पटत नाही. घरच्यांनी काय घोडं मारलंय? रोजचा चहा त्यातच प्यावा.

असो. पुढे टिम कंपनी विकून गडगंज होतो, मोठी हवेली घेतो, आणि फेरारीच्या अपघातात रस्त्यावर मरतो. जमलेले लोक मोबाइलवर फोटो काढत असतात.

हे पट हातानं विणलेले नाहीत बरं का. चित्र कॉम्प्युटरवर तयार झालं आणि बेल्जियममधल्या यंत्रमागावर विणलं गेलं. म्हणूनच एकाच चित्राच्या अनेक प्रती निघू शकल्या. होगार्थनंही आपल्या चित्रांचे छाप काढून विकले होते. पेरींच्या पटांचा एक संच ब्रिटनमधल्या सार्वजनिक संग्रहाला भेट दिलेला आहे, तो गावोगावच्या प्रदर्शनांत फिरतो. होगार्थची मूळ आठ चित्रं लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहेत. तुमची मुलं, नातवंडं तिकडे असतील, तर त्यांना आजच कळवा.