स्कूटी घ्यायचीय? आधी पाय टेकवून बघा, मग रंगाचं बोलू

राम राम मंडळी! मागून जो घरघर आवाज येतोय तो कुलरचा आहे. बंद केला असता, पण जळगावचा मे महिना आहे. पारा पंचेचाळिशीला टेकलाय आणि हा व्हिडिओ मला शुद्धीत राहून पूर्ण करायचाय.

मी बायकांना स्कूटी शिकवते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली की माझ्याकडे गर्दी होते. माहेरी आलेल्या लेकी, त्यांच्या वहिन्या, कधीकधी वहिनींच्या सासूबाईसुद्धा. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, कोणती स्कूटी घेऊ?" मी विचारते, "लायसन्स आहे का?" की मग सगळ्या एकमेकींकडे बघतात.

तर आजच्या आज शिकाऊ लायसन्सचा अर्ज करा. गाडी नंतर. कारण शिकाऊ हातात आल्यापासून पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला बसायला किमान तीस दिवस थांबावंच लागतं. हे तीस दिवस गाडी बघायला आणि शिकायला वापरा. बहुतेक जण उलटं करतात. पाडव्याला गाडी दारात, पेढे वाटून झाले, आणि लायसन्स "काढू हो" म्हणत दिवाळी येते. बिनलायसन्स पकडलं तर दंड ५,००० रुपये आहे, पेढ्यांपेक्षा बराच महाग.

शिकाऊसाठी परिवहन खात्याच्या 'सारथी' वेबसाईटवर अर्ज करायचा. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर परीक्षा घरी बसूनही देता येते. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा, मग कॅमेऱ्यासमोर प्रश्न सोडवायचे. साठ टक्के बरोबर आले की पास. प्रश्न मराठीत मिळतात. चिन्हांचे तक्ते दोन दिवस स्वयंपाकघरात चिकटवून ठेवा, तेवढं पुरतं. फी एका प्रकारच्या वाहनाला १५० रुपये, परीक्षेचे ५० वेगळे. पुढे पक्क्याला परीक्षेचे ३०० आणि लायसन्सचे २००. वर थोडं सेवाशुल्क लागतं. मागे एका एजंटानं माझ्या एका विद्यार्थिनीला याच कामाचे साडेतीन हजार सांगितले होते. मी म्हटलं, त्यात हेल्मेट आणि रेनकोट येतो, आणि राहिलेल्या पैशांत आपण दोघी शेवभाजी खाऊ.

लग्न झालेल्यांची अडचण वेगळीच असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि मोबाईल नंबर नवऱ्याचा. घरबसल्या अर्जात नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं आधारवरून उचललं जातं. म्हणून आधी आधार नीट करून घ्या आणि त्याला स्वतःचा नंबर जोडा. नाहीतर ओटीपी येतो नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा असतो शेतात, जिथे रेंज नाही. हसू नका, हे दर आठवड्याला होतं.

चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याच्या आत असाल तर तब्येतीबद्दल स्वतःचं घोषणापत्र चालतं.

वयाचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे आईवडीलच चुकतात. "सोळा वर्षांना बिनगिअरचं लायसन्स मिळतं ना?" कायद्यात ते आहे, खरं आहे. पण ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीसाठी, तेही पालकांच्या संमतीनं. लुनासारख्या छोट्या मोपेडच्या काळात त्याला अर्थ होता. आज शोरूममध्ये दिसणारी पेट्रोल स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असते, तिला अठरा पूर्णच हवेत. क्लासला जाणाऱ्या दहावी-बारावीच्या पोराच्या हातात ती दिली आणि तो पकडला गेला, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. तोवर त्याचं लग्नाचं बघायला लागलेले असाल तुम्ही.

अर्जात वाहनाचा प्रकार निवडताना घाई करू नका. बिनगिअर आणि गिअरसह असे दोन पर्याय दिसतात. गिअरच्या लायसन्सवर स्कूटी चालते, बिनगिअरच्या लायसन्सवर मोटरसायकल चालत नाही. घरात मोटरसायकल असेल आणि थोडी हिंमत असेल तर गिअरसहच काढा. हिंमत नसेल तर बिनगिअर काढा, त्यात कमीपणा काही नाही.

आता गाडी. (कॅमेरा स्कूटरकडे)

शोरूममध्ये गेल्यावर तुम्हाला रंग दाखवतील, मायलेज सांगतील, मोबाईल चार्जरचं भोक दाखवतील. तुम्ही आधी बसा. रोज घालता ती चप्पल, रोजची साडी किंवा ड्रेस, तसंच जाऊन बसा. ११० सीसीच्या बहुतेक स्कूटरची सीट जमिनीपासून साधारण ७६-७७ सेंटीमीटर असते. आकड्यात फरक फार नसतो, पण रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय वरच राहतात. चोपड्याकडची एक अंगणवाडी सेविका ताई नवीकोरी गाडी घेऊन माझ्याकडे आली. बसली आणि म्हणाली, "पाय टेकत नही व माय!" सीट शिवणाऱ्याकडून फोम कमी करून घेतला, तेव्हा जमलं. निदान दोन्ही पायांचे चवडे घट्ट टेकले पाहिजेत. एका पायावर तोलून धरायला ही सायकल नाही, शंभर-एकशेदहा किलोचं धूड आहे.

मग उतरा आणि डबल स्टँडवर लावून दाखवा. विक्रेत्यानं नाही, तुम्ही. हातांनी ओढू नका, पायानं स्टँड दाबून शरीराचं वजन टाका. मागे ढकलून बघा. आठवडे बाजारात दोन मोटरसायकलींच्या मधून गाडी काढताना हेच कामाला येतं.

चाकं बघा. पुढचं चाक १२ इंची असेल तर बरं. १० इंची चाक खड्ड्यात बसतं, १२ इंची त्यावरून जातं. आपल्याकडचे रस्ते कसे आहेत ते मी सांगायला नको. ट्यूबलेस टायर घ्या, कारण बांधावरचा बाभळीचा काटा. ट्यूबलेसमध्ये काटा रुतला तरी हवा हळूहळू जाते, गाव गाठता येतं. किक आहे का तेही बघा, काही नव्या गाड्यांना नसतेच.

आणि एक न आवडणारी गोष्ट. पावसाळ्यात रोज काळ्या मातीच्या शेतरस्त्यानं जायचं असेल तर स्कूटी घेऊ नका. तो चिखल चाक आणि मडगार्डच्या मधे असा भरतो की चाकच फिरत नाही. मग काडीनं उकरत बसा. शाळा, बँक, दवाखाना, बाजार यासाठी ती उत्तम. शेतासाठी नाही.

सहा नंबर हायवेवर, म्हणजे आताच्या ५३ वर, ट्रक शेजारून गेला की त्याच्या वाऱ्यानं हलकी स्कूटर डोलते. एरंडोल किंवा भुसावळला रोज जाणार असाल तर थोडी जड, १२५ची बघा. मायलेज दोन-तीन किलोमीटरनं कमी पडेल, पडू द्या.

बॅटरीच्या गाडीबद्दल दुकानदार म्हणतो, "लायसन्स लागत नाही." हे फक्त २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या गाडीला लागू आहे. त्याच गाडीत "सेटिंग" करून ती चाळीस-पन्नासनं पळवली की ती कायद्यानं मोटार वाहन झाली. तिला नंबर हवा, विमा हवा आणि तुम्हाला लायसन्स. अपघात झाल्यावर सेटिंगवाला फोन उचलत नाही. हिरवी नंबरप्लेट असलेली, नोंदणीची इलेक्ट्रिक स्कूटर चांगली असते, तिला लायसन्स लागतंच. फक्त भर उन्हात उभी करून लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत निवू द्या.

हेल्मेट. नव्या दुचाकीबरोबर ते देणं कंपनीवर बंधनकारक आहे, मागून घ्या. वेगळं घेणार असाल तर आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. आणि दुकानात स्कार्फ बांधून जा! आपण उन्हात सनकोट-स्कार्फशिवाय निघतच नाही. स्कार्फशिवाय मापाचं घेतलं तर स्कार्फवर ते बसत नाही, मग ते डिकीत राहतं आणि डोकं उघडं.

आता पक्की परीक्षा, म्हणजे गाडीनं आठचा आकडा काढणं. याचीच सगळ्यांना धडकी.

शिकाऊवर सराव करताना पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' पुढे-मागे लावा. मागे मैत्रिणीला बसवायचं नाही. लायसन्स असलेली शिकवणारी व्यक्तीच मागे बसू शकते.

(हात हँडलवर ठेवून) आठ काढताना पाय टेकला की गेलं. आणि पाय का टेकतो? तर भीतीनं रेस, म्हणजे उजवी मूठ, पूर्ण सोडतो म्हणून. स्कूटरला हातात क्लच नसतो, आत असतो, तो इंजिनच्या वेगावर आपोआप धरतो आणि सुटतो. रेस पूर्ण सोडली की तो सुटतो, चाकाला ओढ राहत नाही, गाडी डगमगते. घाबरून मूठ पिळली की एकदम धरतो, गाडी झटका देते. म्हणून रेस जराशी, एकसारखी धरून ठेवायची आणि वेग डाव्या ब्रेकनं आवरायचा. रेस आणि डावा ब्रेक, दोन्ही एकाच वेळी, हलके. पोळी लाटताना दोन्ही हातांचा दाब जसा आपोआप जुळतो, तसं. वळणात उजवा ब्रेक मारायचा नाही, पुढचं चाक सटकतं. नजर चाकाकडे नाही, जिथे जायचंय तिथे. पटांगणावर चार विटा ठेवा, त्याभोवती रोज सकाळी वीस आठ काढा. दहाव्या दिवशी तुम्हालाच कळत नाही आपण कशाला घाबरत होतो.

परीक्षेला गाडी कोणाचीही चालते, पण तिची आरसी (नोंदणीचं कार्ड), विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) जवळ हवं. हातानं इशारे विचारतात, ते करून जा. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा. माझी एक हुशार विद्यार्थिनी दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा अशी फिरली की साहेबच म्हणाले, "बास झालं ताई, थांबा." शिकाऊ सहा महिने चालतं, तेवढ्यात उरकायचं.

पास झालात की कार्ड पोस्टानं घरी येतं, म्हणजे अर्जातल्या पत्त्यावर. आखाजीला पारोळ्याला माहेरी आलेली एक मुलगी इथे शिकली, परीक्षा दिली, आणि कार्ड गेलं शहाद्याला सासरी. सासूबाईंनी पाकीट फोडलं आणि लगेच फोन लावला. आम्ही सगळ्या कान देऊन ऐकतोय. पलीकडून अहिराणीत प्रश्न आला, "सूनबाई, हाऊ फोटो तुनाच शे का?"