कोच बदलला, पण नऊ नंबर कुठाय?

(सुरुवातीला नकाशा: नाशिक जिल्हा, शेजारी त्याच मापात सिंगापूर)

सिंगापूर हा अख्खा देश धरला तरी लोकसंख्या साधारण साठ लाख. आपला नाशिक जिल्हा २०११ च्या जनगणनेतच ६१ लाखांचा होता. म्हणजे इगतपुरी ते मालेगाव आणि पेठ ते येवला एवढीच माणसं गोळा करून एक टीम काढायची, एवढ्यात त्यांचं भागतं. आणि ह्याच सिंगापूरने १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात फातोर्डा स्टेडियमवर येऊन आपल्या इंडियाच्या फुटबॉल टीमला २-१ ने हरवलं. आधी गोल आपणच केला होता बरं का, छांगतेने चौदाव्या मिनिटाला लांबून एक सणसणीत मारला आणि आम्ही इकडे कॉलेज रोडवर खुर्च्यांवर उभे. मग हाफ टाईमच्या आत एक, नंतर एक, दोन्ही साँग उई-योंगने मारले, आणि आम्ही बिल मागवलं.

नाशिकमध्ये इंडियाची फुटबॉल मॅच बघणारे किती? आमचा एक दोस्त म्हणतो एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसतील, वर दोन सीट रिकामे राहतील. प्रीमियर लीगवाले रग्गड आहेत, रात्री दीडला उठून बघतात, पण इंडियाची मॅच म्हटलं की "कोणासोबत आहे?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. तर हा व्हिडिओ त्या ट्रॅव्हलरमधल्या लोकांसाठी. प्रश्न एकच: कोच तीन झाले, पण नऊ नंबर, म्हणजे समोरच्याच्या गोलपुढे राहून गोल मारणारा मधला स्ट्रायकर, तो कुठाय? बाकीच्यांनी पण बघा, काही बिघडत नाही.

(दृश्य: २०२३ ची जुनी फुटेज, कंठीरवा स्टेडियम, बेंगळुरू)

थोडं मागे जाऊ. २०२३ चा पावसाळा. कोच इगोर स्टिमाच, क्रोएशियाचा, १९९८ च्या वर्ल्ड कपला तिसऱ्या आलेल्या टीमचा डिफेंडर. २०१९ पासून आपल्याकडे. त्या वर्षी इम्फाळला तिरंगी स्पर्धा जिंकली, भुवनेश्वरला लेबननला हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला, बेंगळुरूला कुवेतला पेनल्टीवर हरवून सॅफ (दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा) जिंकलं, फिफा रँकिंग ९९. सॅफच्या फायनलला स्टिमाच साहेब टचलाईनवर नव्हतेच, रेड कार्ड खाऊन बाहेर, डगआऊट सांभाळला असिस्टंट महेश गवळीने. आता हसू येतं पण तेव्हा वाटलं होतं की गाडी लायनीवर आली.

आणि मग सप्टेंबरमध्ये पेपरात ती बातमी आली. २०२२ च्या एशियन कप क्वालिफायरच्या वेळी टीमची लिस्ट म्हणे आधी एका ज्योतिषाकडे जात होती, कोणाचा दिवस चांगला, कोणाचा नाही. सगळ्या देशाने खिल्ली उडवली. आम्ही नाशिककर मात्र जरा गप्प होतो, त्र्यंबकेश्वर इथून तीस किलोमीटर, कोणत्या तोंडाने हसणार? आणि त्या जूनमध्ये कोलकात्याला तिन्ही मॅचेस आपण जिंकल्या होत्या, कंबोडिया, अफगाणिस्तान, हाँगकाँगला तर ४-०. असो. सिलेक्शनचा निकष काय असावा ह्यावर बोलायचं तर तो दुसरा व्हिडिओ होईल.

नंतर जे झालं ते पटापट सांगतो कारण सांगताना पण त्रास होतो. जानेवारी २०२४, कतारमध्ये एशियन कप. ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन मॅचेस, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून १-२, आणि ती सुनील छेत्रीची १५० वी मॅच होती, आपला एकमेव गोल पण त्याचाच, पेनल्टीवर. ६ जूनला छेत्री कोलकात्यात कुवेतविरुद्ध रिटायर झाला, ०-०. पाच दिवसांनी कतारमध्ये जिंकलो असतो तर वर्ल्ड कप क्वालिफायरच्या तिसऱ्या राउंडला गेलो असतो, छांगतेचा गोल पण झाला होता, आणि मग बॉल लाईनच्या बाहेर गेलेला सगळ्या जगाला दिसला, रेफरीला दिसला नाही, त्यातून गोल, १-१, मग १-२. चिडलो आम्ही पण. पण खरं सांगायचं तर त्या एका गोलवर आपण किती दिवस बोलणार, त्याआधी अफगाणिस्तानविरुद्ध दोन मॅचमध्ये मिळून आपल्याला एक पेनल्टी सोडून काही करता आलं नाही हे कोण बोलणार?

स्टिमाच आधी म्हणाला होता की तिसऱ्या राउंडला नेलं नाही तर मी जातो. गेला नाही. मग १७ जूनला फेडरेशनने काढला, आणि कॉन्ट्रॅक्ट २०२६ पर्यंत वाढवून दिलेलं असल्यामुळे नंतर भरपाई म्हणून चार लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. एवढ्या पैशात किती गावात चांगली मैदानं झाली असती, हा हिशोब तुम्हीच करा.

(दृश्य: मॅनोलो मार्केझ, हैदराबाद)

कोच नंबर दोन. मॅनोलो मार्केझ, स्पेनचा, हैदराबादच्या क्लबला आयएसएल, म्हणजे आपली सगळ्यात वरची लीग, जिंकवून दिलेला माणूस. म्हणजे चॉईस वाईट नव्हता, उलट भारतीय प्लेअर्स ओळखणारा परदेशी कोच मिळणं अवघड. पण नेमणूक बघा: २०२४-२५ चा सीझन तो एफसी गोवाचा पण कोच आणि देशाचा पण. पार्टटाईम. आमच्या सातपूरला एमआयडीसीत सुपरवायझरला दोन शिफ्ट करू देत नाहीत.

मॅनोलोचा खेळ वेगळा होता. स्टिमाच मोठ्या टीमसमोर दहा जण मागे घेऊन बसायचा, हा म्हणायचा वर जाऊन दाबा, बॉल हिसकावा, विंगवरून पळा. लिस्टन डावीकडे, छांगते उजवीकडे, फुलबॅक पण वर. कागदावर छान. बॉल विंगपर्यंत जायचा पण खरंच. मग क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर टाकलेला बॉल, यायचा. आणि क्रॉस आल्यावर बॉक्समध्ये कोण? इथे गाडी अडायची.

२०२४ चं पूर्ण वर्ष घ्या, स्टिमाच आणि मॅनोलो मिळून. ११ मॅचेस, शून्य विजय, गोल फक्त ४. छेत्रीची पेनल्टी, छांगते, व्हिएतनामविरुद्ध फारुख चौधरी आणि मलेशियाविरुद्ध राहुल भेके. आता भेके आपला मुंबईचा मराठी गडी, अभिमान आहेच, पण तो डिफेंडर आहे राव! मूळच्या सेंटर फॉरवर्डने मोकळ्या खेळात मारलेले गोल शोधायला गेलात तर जवळपास हात हलवतच परत याल.

मग काय केलं? मार्च २०२५ मध्ये रिटायर झालेल्या छेत्रीला परत बोलावलं. वय ४०. सगळ्यांनी मॅनोलोला शिव्या घातल्या, आमच्या ग्रुपवर तर दोन जण लेफ्ट झाले. पण त्या आयएसएलमध्ये भारतीय प्लेअर्समध्ये सगळ्यात जास्त गोल कोणाचे? छेत्रीचेच, १४. मग कोचने कोणाला घ्यायचं, तुम्हीच सांगा. शिलाँगला मालदीवविरुद्ध आला आणि हेडरने गोल मारून गेला, ३-० जिंकलो, नोव्हेंबर २०२३ नंतरचा पहिला विजय. सहा दिवसांनी तिथेच बांगलादेश, एशियन कप क्वालिफायरची पहिली मॅच, ०-०, आणि मॅनोलो प्रेससमोर येऊन आपल्याच टीमवर असा चिडला की बघणाऱ्याला कळलं, हा माणूस मनाने निघालाय. जूनमध्ये हाँगकाँगला इंज्युरी टाईममध्ये गोलकीपर विशाल कैथ उंच बॉलसाठी पुढे आला, बॉल राहिला बाजूला, समोरचा आडवा झाला, पेनल्टी, ०-१. जुलैमध्ये मॅनोलो गेला. आठ मॅचेस, एक विजय.

(दृश्य: खालिद जमील टचलाईनवर, हाताची घडी)

नंबर तीनसाठी परदेशी नावं होती, जुना कोच कॉन्स्टंटाईन पण लाईनमध्ये होता, पण १ ऑगस्ट २०२५ ला खालिद जमीलचं नाव आलं. साव्हिओ मदेरानंतर तेरा वर्षांनी फुलटाईम भारतीय कोच. जन्म कुवेतचा पण फुटबॉल सगळा मुंबईत घडलेला, महिंद्रा, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. कोच म्हणून मुंबई एफसीला वर्षानुवर्षं रेलिगेशनपासून, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्यापासून, वाचवत राहिला, चॅम्पियन कधी झाले नाहीत पण बुडले पण नाहीत. त्यांनी त्याला सोडलं, हा मिझोरामला गेला, आणि २०१७ ला ऐझॉलला आय-लीग जिंकवून दिली, मुंबई एफसी त्याच सीझनला खाली गेली. ही गोष्ट मला फार आवडते, सॉरी, विषय सोडून नाही पण सांगायची होती.

खालिदचं फुटबॉल बघायला सुंदर नाही. मागे घट्ट, मधली गॅप बंद, सेकंड बॉलवर तुटून पडायचं, आणि लांब थ्रो, कॉर्नर, फ्री किक ह्यातून काढायचं. थोडक्यात, आपल्याकडे नऊ नंबर नाहीये हे त्याने आधीच मान्य करून टाकलं आणि म्हटलं ठीक आहे, डिफेंडर गोल मारतील. पहिलीच मॅच, ताजिकिस्तानात, काफा नेशन्स कप, म्हणजे मध्य आशियातली स्पर्धा. मोहन बागानने प्लेअर सोडले नव्हते, छेत्रीला घेतलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला उवैसचा लांब थ्रो, अन्वर अलीचं डोकं, गोल. तेराव्याला झिंगन, गोल. दोघेही स्टॉपर, म्हणजे मधले डिफेंडर. मॅनोलोने बाजूला ठेवलेला गुरप्रीत परत आला होता, त्याने पेनल्टी अडवली, २-१. इराणकडून हरलो, अफगाणिस्तानशी बरोबरी, आणि मग ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून तिसरा नंबर! त्या रात्री ग्रुपवर लेफ्ट झालेले दोघं परत ॲड झाले.

टिकलं नाही. का टिकलं नाही ह्याची दोन कारणं. एक, तेव्हा आयएसएलच बंद. लीग चालवणारी कंपनी आणि फेडरेशन ह्यांचा करार डिसेंबर २०२५ ला संपत होता, रिन्यू झाला नाही, म्हणून जुलैमध्येच सीझन थांबवून टाकला. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरचे प्लेअर लीग खेळून येतात आणि आपले कॅम्पमध्ये पळून येतात, साठाव्या मिनिटाला पाय बोलतातच. दुसरं कारण म्हणजे सेट पीसची, म्हणजे थ्रो, कॉर्नर, फ्री किकची, चाल समोरच्याला कळली की ती मरते, मग खेळातून गोल लागतो. सिंगापूरला त्यांच्या घरी झिंगनला रेड कार्ड, दहा जण, तरी रहीम अलीने ९० व्या मिनिटाला त्यांच्या चुकीवर डल्ला मारून १-१ केलं, तो खरा स्ट्रायकरचा गोल होता. पण असा गोल समोरच्याने चूक केली तरच. नंतर मडगाव, ते सांगितलंच.

मग १८ नोव्हेंबर, ढाका. अकराव्या मिनिटाला मोरसालिनचा गोल आणि पुढची जवळजवळ ऐंशी मिनिटं आपण बॉल फिरवतोय, विंगवर देतोय, क्रॉस टाकतोय, परत फिरवतोय. ०-१. बांगलादेशकडून २००३ नंतर पहिल्यांदा हरलो. २०२७ चा एशियन कप तोपर्यंत हातातून गेलेलाच होता. ग्रुपमधून एकच टीम जाणार होती, ती गेली सिंगापूर. रँकिंग ९९ वरून १४२.

(दृश्य: नाशिक, संध्याकाळ, टर्फवरची पोरं)

आता आम्ही हे सगळं घेऊन देवळाली कॅम्पच्या बाजूला पोरांना शिकवणाऱ्या एका सरांकडे गेलो, नाव नको म्हणाले. त्यांचं म्हणणं कोचवर नव्हतंच. ते म्हणाले, "उंच पोरगा दिसला की आपण त्याला स्टॉपर करतो, नाहीतर गोलकीपर. चपळ दिसला की विंगर. नऊ नंबरला टाकायचं कोणाला, जो उरला त्याला?" आणि वर क्लबचं गणित: आयएसएलमध्ये मैदानावर चार परदेशी चालतात, त्यातला एक कुठलाही शहाणा क्लब गोल मारायलाच आणणार. २०२४-२५ चा टॉप स्कोअरर नॉर्थईस्ट युनायटेड क्लबचा मोरोक्कन अजराई, २३ गोल. मालकाचं पण चुकत नाही, त्याला मॅच जिंकायचीय. पण मग भारतीय फॉरवर्ड बेंचवर, नाहीतर विंगवर. म्हणजे तर्री तीन वेळा बदलून झाली, मिसळीत मटकीच नाही.

सरांनी अजून एक दाखवलं. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, जिकडे बघाल तिकडे टर्फ झालेत, तासावर भाडं, पोरं खेळतात, चांगलंच आहे, आमच्या वेळी गोल्फ क्लबच्या मैदानावर क्रिकेटवाल्यांच्या सहा पिचमधून जागा शोधायला लागायची. पण टर्फला वरती जाळी असते. आम्ही बघत होतो तेव्हा एका बारातेरा वर्षांच्या पोराने डाव्या कोपऱ्यातून मस्त उंच क्रॉस उचलला, बॉल जाळीत अडकला, थड करून मध्येच खाली पडला. सगळी पोरं ओरडली, "खाली खेळ ना भावा, खाली!" त्याने पुढचा बॉल खाली दिला, बरोबरच केलं, तिथे तेच करायचं असतं. पण हेडर कुठे शिकणार, उडी कधी मारायची, डिफेंडरच्या पाठीमागून कधी निघायचं हे कुठे शिकणार? छेत्रीने दिल्ली-कोलकात्याच्या उघड्या मैदानांवर शिकलेली गोष्ट आहे ती. आमच्या मते, पहिल्यांदा ह्यावर बोला, खालिदला काढा का ठेवा हे नंतर. तरी खालिदची पण चूक आहेच, ढाक्यात बदल उशिरा आणि भित्रे वाटले, एक गोल मागे असताना अजून एक फॉरवर्ड टाकायला काय हरकत होती?

छेत्री आता परत रिटायर झालाय, ९५ गोलवर, ह्यावेळी खरोखर असं दिसतंय. आणि नवीन आशा कोण तर रायन विल्यम्स, पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो इंडियन घरातली, ऑस्ट्रेलियाकडून एक मॅच खेळलेला, आता तिथलं नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतलाय. ढाक्याला टीमसोबत गेला पण कागद वेळेत आले नाहीत म्हणून खेळला नाही. आमच्या ग्रुपवर लगेच जल्लोष, स्ट्रायकर आला, स्ट्रायकर आला. मग कोणीतरी त्याच्या बेंगळुरू क्लबच्या मॅचेस काढून बघितल्या.

तो पण विंगरच आहे.