शंभर बटणं आणि एक एसएमपीएस

[टेबल, वरून घेतलेला शॉट. बंद बॉक्स. एक हात बटणं सरकवतोय.]

हे टेबल बघा. डावीकडे शिवणाच्या डब्यातली 100 बटणं आहेत, मोजून घेतलेली, आणि समोर सात कागद, प्रत्येकावर एका पार्टचं नाव. माझी भाची तिचा पहिला गेमिंग पीसी जोडतीये, पैसे तिने स्वतः साठवलेले. एक बटण म्हणजे तिच्या बजेटचा शंभरावा भाग. रकमेचा आकडा मी मुद्दाम सांगत नाहीये कारण भाव सारखे हलतात, पण कशाला किती वाटा द्यायचा हे गणित तेवढं हलत नाही, फार तर एखाददुसरं बटण इकडचं तिकडे.

हा तिचा पहिला डाव. ग्राफिक्स कार्ड 40, प्रोसेसर 18, मदरबोर्ड 12, रॅम 9, एसएसडी 7. झाली 86, आणि इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. आता उरलेली 14 कुठे गेली बघा. कॅबिनेटवर 11, कारण त्याला समोरून पूर्ण काच आहे आणि आत सहा लाईटवाले पंखे, आणि एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या, कागदावर 3.

त्या तीन बटणांवर कॅमेरा जरा जास्त वेळ थांबवलाय. हा व्हिडिओ त्यांच्यासाठीच केलाय.

[मॉनिटर. स्क्रीनवर चौकटी आखलेल्या.]

मॉनिटर या शंभरात धरलेला नाही, तो तिने आधीच घेतला, आणि आधी घेतला हे अगदी बरोबर केलं. लोक आधी कार्ड बघतात आणि स्क्रीन मागून, पण कार्डाला काम किती पडणार ते स्क्रीन ठरवते ना. 1080पी म्हणजे 1920 गुणिले 1080, एका फ्रेममधे, म्हणजे एका चित्रात, 20,73,600 ठिपके. 1440पी म्हणजे 36,86,400, पावणेदोन पटीच्या थोडं वरच. आणि 4के म्हणजे 82,94,400, सरळ चौपट. मधल्या बजेटच्या कार्डाला 4के झेपवायला लावायचं म्हणजे रोज सेटिंग खाली आणत बसायचं. तिने 1440पी घेतला, 144 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा. 60 हर्ट्झला एक फ्रेम स्क्रीनवर 16.7 मिलीसेकंद राहते, 144 ला 6.9. शेजारी शेजारी स्लो मोशनमधे लावलंय, डावीकडचा माउसचा बाण उड्या मारत जातो, उजवीकडचा सरकत जातो.

[दोन कार्डांचे बॉक्स, क्लोजअप.]

आता 40 बटणांचा कागद. गेमिंगच्या पीसीत सगळ्यात मोठा वाटा कार्डाचाच असायला हवा, ह्यात मला शंका नाही. पण हे दोन बॉक्स बघा, दोन्हीवर रेडिऑन आरएक्स 9060 एक्सटी लिहिलंय, तेच नाव, तीच चिप, फक्त कोपऱ्यातला छोटा आकडा वेगळा, एकावर 8 जीबी आणि दुसऱ्यावर 16. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 5060 टीआयचं पण तसंच, 8 आणि 16 दोन्ही मिळतात. कार्डाची मेमरी भरली की गेमचं टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, मुख्य रॅममधून ओढत आणावं लागतं, तो रस्ता लांबचा, मग सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, बरा दिसतो पण मधेच गचके बसतात. म्हणून सरासरीबरोबर 1 टक्का लो नावाचा आकडा पण बघायचा, सगळ्यात वाईट फ्रेम कशा होत्या ते त्याच्यावरून कळतं. तिने 16 वालं उचललं. दोन मिनिटं विचार केला, मग उचललं, तो शॉट मी कापला नाहीये.

प्रोसेसर एएमडीचा रायझन 5 7600. सहा कोर, बारा थ्रेड, आणि बॉक्समधे कूलर येतो हे महत्वाचं, 7600 एक्समधे येत नाही, म्हणजे एक बटण तिथेच वाचलं. ह्याच्याहून महागडा प्रोसेसर घेऊन कार्डातून पैसे काढणं ही चूक मी खूप जणांना करताना बघितलीये, 1440पीला बहुतेक गेममधे आधी कार्डाचाच दम संपतो.

[सॉकेट, मॅक्रो लेन्स.]

हे मॅक्रो लेन्सने घेतलंय. एएम5 सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, 1718 बारीक स्प्रिंगसारख्या पिना. आधीच्या एएम4 ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असायच्या, आता त्या मदरबोर्डवर आल्यात, त्यामुळे प्रोसेसर ठेवताना तो सरळ वरून सोडायचा, सरकवायचा नाही, आणि कोपऱ्यातला त्रिकोण जुळवायचा. ह्या सॉकेटवर पैसे घालण्यामागे एक कारण आहे. एएम4 वर 2017 ला पहिले रायझन आले आणि 2022 ला त्याच सॉकेटवर 5800 एक्सथ्रीडी आला, बायोस, म्हणजे बोर्डमधलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, अपडेट करून कितीतरी जणांनी जुन्याच बोर्डवर तो बसवला. एएम5 2022 ला सुरू झाला आणि एएमडीने तो 2027 आणि पुढेही चालवू असं सांगितलंय. म्हणजे दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागायची शक्यता आहे, सगळं मोडून नव्याने घ्यायला नको. बोर्ड बी650 चिपसेटचा, ह्याच्या वरचा एक्स670 जास्त पोर्ट आणि जास्त स्लॉट देतो, गेममधे एफपीएस वाढवत नाही.

रॅमच्या दोन पट्ट्या, 16-16 ची जोडी, डीडीआर5 6000, सीएल30. सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती फेऱ्या थांबते. सीएलचा आकडा एकटा बघू नका, त्याला 2000 ने गुणायचं आणि रॅमच्या वेगाने भागायचं, सीएल30 ला 10 नॅनोसेकंद येतात, सीएल36 ला 12. एकच 32 ची पट्टी घेतली असती तर अर्धा रस्ता बंद ठेवल्यासारखं झालं असतं. एसएसडी 1 टीबी, एनव्हीएमई म्हणजे जलद जोडणीची, टीएलसी म्हणजे एका पेशीत तीन बिट ठेवणारी, पुढे जाऊ.

[कॅबिनेटसमोर कागदाची पट्टी.]

हा प्रयोग तिनेच सुचवला. काचेच्या तोंडाचं कॅबिनेट एका ओळखीच्याकडून तासाभरासाठी आणलं आणि शेजारी साधं जाळीचं ठेवलं, दोन्हीत समोर तेच पंखे. आता टिशूची पट्टी. काचेसमोर पट्टी लोंबत राहते, फक्त कडेच्या फटीपाशी नेली की जराशी हलते. जाळीसमोर नेली, बघा, चिकटली. हात सोडला तरी चिकटलेली आहे. पंखे लाईटवाले असोत नाहीतर बिनलाईटचे, त्यांना हवा मिळायला हवी, आणि समोर काच लावली की हवा येणार कुठून. इथे तिचा हात कॅबिनेटच्या कागदाकडे गेला आणि पाच बटणं उचलली गेली. अजून ती ठेवलेली नाहीत. मुठीत आहेत.

[वजनकाटा. दोन एसएमपीएस.]

आता हे. दोन एसएमपीएस, एकावर मोठ्या अक्षरात 500 वॅट, दुसऱ्यावर 550. काट्यावर ठेवले. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या जवळपास दुप्पट भरतंय. वजनावरून एसएमपीएस निवडायचा नसतो हे मान्य, पण आत तांबं किती, हीटसिंक किती जाड, कपॅसिटर किती मोठे, ह्याचा काहीतरी अंदाज हाताला लागतोच.

खरं वाचायचं ते लेबल. कॅमेरा जवळ नेलाय, नीट बघा. पहिल्यावर +12 व्होल्टच्या खाली लिहिलंय 25 अँपिअर. बारा गुणिले पंचवीस, 300. म्हणजे 500 वॅटपैकी 12 व्होल्टवर 300 च. बाकीचे 200 कुठे गेले, तर 3.3 आणि 5 व्होल्टच्या लाईनवर दाखवलेत. एके काळी प्रोसेसर 5 व्होल्टवरून करंट ओढायचे तेव्हा त्याला काही अर्थ होता, पण पेंटियम 4 च्या काळापासून प्रोसेसर 12 व्होल्टवर आला आणि ग्राफिक्स कार्ड पण 12 व्होल्टच खातं. ते 200 वॅट ह्या पीसीच्या काहीच कामाचे नाहीत. आता दुसरं लेबल. +12 व्होल्ट, 45 अँपिअर. 540. डब्यावर 550 लिहिलेत आणि त्यातले 540 जिथे लागतात तिथे मिळतात.

तिचा हिशोब कागदावर केलेला दिसतोय. कार्ड 160 वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त 88, बाकी बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून 50 धरू, झाले 298. मग पहिला चालेल की, 300 आहेत ना, असं ती म्हणाली आणि प्रश्न चुकीचा नाहीये. पण कार्ड सरळ रेषेत करंट ओढत नाही. क्षणाच्या अगदी बारीक भागासाठी ते एकदम उसळी मारतं, आणि ही उसळी इतकी खरी आहे की एसएमपीएसच्या 2022 च्या एटीएक्स 3.0 स्टँडर्डमधे ती सहन करायचे नियम घातलेत, ह्या नियमाचा जोरदार एसएमपीएस 100 मायक्रोसेकंदांसाठी लिहिलेल्या वॅटच्या दुपटीपर्यंत झेलू शकला पाहिजे. काठोकाठ भरलेल्या हंड्यात उसळी आली की पाणी सांडणारच.

80 प्लसचं स्टिकर पण समजून घ्या, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. हा कार्यक्रम 2004 पासून आहे आणि तो फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पीसीला मिळाली आणि किती उष्णता होऊन गेली. त्यातली ब्राँझ पायरी म्हणजे 115 व्होल्टवर निम्म्या लोडला किमान 85 टक्के. चांगली गोष्ट आहे, पण शॉर्ट झालं तर सप्लाय वेळेत बंद होईल का, व्होल्टेज चढलं तर तोडेल का, हे त्या स्टिकरवर कुठेच लिहिलेलं नसतं. त्यासाठी ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट, ओव्हर पॉवर, शॉर्ट सर्किट, तापमान, ही संरक्षणं दिलीयेत का ते बघायचं, आणि कोणीतरी खरंच लोड लावून तपासलेला रिव्ह्यू शोधायचा. वॉरंटी पण बोलते, चांगले एसएमपीएस 5, 7, काही तर 10 वर्षांची देतात.

केबलचं एक सांगते, ह्याचा मला नीट शॉट मिळालाय म्हणून. ह्या दोन मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, केबल, दोन कंपन्यांच्या. सप्लायच्या बाजूचं टोक दोन्हीचं सारखं दिसतं आणि एकमेकात बसतंही. पण पिनांचा क्रम वेगळा आहे, त्या बाजूला कुठलंही स्टँडर्ड नाही. जुन्या सप्लायची केबल नव्याला लावली की ज्या पिनेवर 5 यायचे तिथे 12 येऊ शकतात. सप्लाय बदलला की केबल पण सगळ्या बदला.

[काळा पडलेला मदरबोर्ड.]

हा माझा बोर्ड. स्वस्तातला एसएमपीएस घेतला होता मी, तो जाताना ह्याला आणि ड्राइव्हला घेऊन गेला.

[बटणं कागदावर.]

मूठ उघडली. एसएमपीएस, तीन अधिक पाच, आठ. कॅबिनेट सहा.

[जोडणी.]

जोडणी तुम्ही बघतच आहात, मी फार बोलत नाही. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे, पहिल्या-दुसऱ्यात नाही. खटका ऐकू येईपर्यंत दाबायची, आला बघा आवाज. मागच्या पोर्टभोवतीची पत्र्याची पट्टी बोर्डच्या आधी लावायची, भाची ती लावायला विसरली होती, म्हणून इथे बोर्ड परत बाहेर आलाय. प्रोसेसरची आठ पिनांची केबल वरच्या डाव्या कोपऱ्यात, कार्ड बसवायच्या आधी, नंतर हात जात नाही.

पॉवर दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.

एक मिनिट गेलं. दोन. तिचा चेहरा बघा. डीडीआर5 चा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅम शिकून घेतो, मेमरी ट्रेनिंग म्हणतात, त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर काहीच दिसत नाही. ह्या वेळात घाबरून बटण बंद करू नका. मला माहीत होतं आणि मी तिला सांगितलं नव्हतं, ते सांगायला हवं होतं.

आली स्क्रीन.

पुढच्या दोन गोष्टी पटकन, कारण त्या केल्या नाहीत तर पैसे टाकून पण अर्धंच मिळतं. बायोसमधे एक्सपो, म्हणजे रॅमला लिहिलेल्या वेगाने पळवणारं सेटिंग, चालू केलं, नाहीतर 6000 ची रॅम 4800 वर पळत बसते. आणि विंडोजमधे डिस्प्ले सेटिंगला जाऊन 144 निवडलं, ते आपोआप 60 वर राहू शकतं. मॉनिटरची केबल पण कार्डालाच लावायची, 7600 मधे छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे बोर्डाला लावली तरी चित्र दिसतं आणि माणसाला वाटतं सगळं बरोबर आहे, मग गेम रांगतो.

हा भिंतीच्या सॉकेटला लावलेला वॅटमीटर. गेम चालू असताना आकडा 290 ते 300 च्या मधे फिरतोय, म्हणजे आतला खरा खर्च त्याहून कमी, आणि 550 च्या सप्लायला हे निम्म्याच्या आसपासचं काम आहे, त्याचा पंखा तुम्हाला ऐकू येतोय का, मला तरी नाही आला. एक तास झाला. कार्ड 63 डिग्री, प्रोसेसर 71. टिशूची पट्टी तिने मागच्या पंख्याला चिकटवून ठेवलीये, ती बाहेरच्या बाजूला फडफडतीये.

आता ती खेळतीये. इथून पुढे आवाज गेमचाच ठेवलाय.