पाठ शिकवला, पुढे काय?

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग 2 मध्ये मानवी प्रजननाचा पाठ आहे. सोलापुरातल्या एखाद्या वर्गात तो सुरू झाला की मागच्या बाकांवर खुसखुस होते, शिक्षक फळ्याकडे तोंड करून आकृती काढतात आणि उरलेले ‘घरी वाचा’ म्हणून पुढे सरकतात. पण समजा, हाच पाठ न संकोचता शिकवला, तर मुलामुलींचे वागणे बदलेल का?

आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि युरोपातील शाळांत लैंगिक शिक्षणाचा परिणाम तपासणाऱ्या 8 मोठ्या चाचण्यांचा आढावा, वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2016 साली प्रसिद्ध केला. त्यात 55 हजारांहून अधिक किशोरवयीन होते. नुसत्या शिकवणीमुळे एचआयव्ही किंवा गर्भधारणेचे प्रमाण घटल्याचे त्यात दिसले नाही. पश्चिम केनियात मात्र अर्थतज्ज्ञ पास्कलिन द्युपा यांना वेगळे काही आढळले. लग्नापर्यंत संयम पाळा, असे सांगणाऱ्या सरकारी अभ्यासक्रमाने गर्भधारणा कमी झाल्या नाहीत. पण वयाने मोठ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण अधिक असते, एवढी नेमकी माहिती मिळालेल्या मुलींमध्ये गर्भधारणा 28 टक्क्यांनी घटल्या. जोडीदार निवडताना उपयोगी पडेल, अशी ती माहिती होती.

सोलापूर जिल्ह्यात प्रश्न इथेच अडतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात 20 ते 24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती. या जिल्ह्यात हे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास आहे. जिचे स्थळ घरच्यांनी ठरवले, तिला संयमाचे धडे देऊन काय साधणार? मुलाला निरोधाची माहिती असते, पण गल्लीतल्या मेडिकलवाल्याची वडिलांशी ओळखही असते. त्यात बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराखालील मुलीच्या लैंगिक संबंधाची खबर पोलिसांना देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे जिला सल्ल्याची सर्वाधिक गरज, तीच दवाखान्याची पायरी चढायला घाबरते.

2007 साली तर महाराष्ट्राने शाळेतील लैंगिक शिक्षणाला बंदीच घातली होती. मुलांचे कुतूहल अर्थातच बंदी मानत नाही.

केनियातच मोफत गणवेश दिल्यावर मुली शाळेत टिकल्या, लवकर होणारी लग्ने आणि गर्भधारणाही घटल्या. आपल्याकडे मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो आणि आमच्या मते तो या पाठाइतकाच महत्त्वाचा आहे. मात्र संध्याकाळची गाडी चुकून मुलगी अंधारात घरी पोहोचू लागली, की अकरावीतच तिचे कॉलेज बंद होते आणि घरात स्थळांची चर्चा सुरू होते.