कोरिलेशन ०.९४ आलं, म्हणून दोन मशीन जुळली का?

नमस्कार. थीसिस लिहिणारे विद्यार्थी हमखास सांगतात, "सर, नवीन मशीन जुन्याशी जुळतंय, कोरिलेशन (म्हणजे सहसंबंध) ०.९४ आलंय." आज याच वाक्याबद्दल बोलायचंय, कारण त्यावर पेशंटचं औषध ठरतं.

समजा, एका बीपी मशीनवर तीन जणांचे आकडे आले १२०, १३०, १५०. दुसऱ्यावर १४०, १५०, १७०. दर वेळी २० जास्त. कोरिलेशन किती? बरोब्बर १, म्हणजे जास्तीत जास्त! दोन्ही आकडे एका सरळ रेषेत वाढतात का, एवढंच ते बघतं. आकडे सारखे आहेत का, हे बघतच नाही. शिवाय अगदी कमी आणि अगदी जास्त बीपीवाले एकत्र घेतले, की ते आपोआप फुगतं. मशीनची चूक मात्र तेवढीच राहते.

मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावरचा उपाय मांडला. मला तो फार आवडतो, कारण त्याचा पाया साधी वजाबाकी आहे. त्यांनी पीक फ्लो मीटर घेतले, म्हणजे जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचं यंत्र. एक मोठं, एक छोटं. माणसं १७. कोरिलेशन ०.९४.

आता प्रत्येकाचे दोन आकडे वजा करा. फरकांची सरासरी मिनिटाला जेमतेम २ लिटर. छान वाटतं ना? पण फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप, जवळपास ३९ होतं! सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट घ्या. एकीकडे ८० लिटर कमी, दुसरीकडे ७६ जास्त. साधारण ९५ टक्के फरक या हद्दीत पडतात. दम्याच्या पेशंटसाठी एवढी तफावत चालणारच नाही.

याचा आलेखही काढा. आडव्या अक्षावर दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या, उभ्यावर फरक. उजवीकडे जाताना ठिपके वर-खाली जास्त पसरत गेले, तर आकड्यांचे लॉग (लॉगॅरिदम) घेऊन पुन्हा बघा.

तीन-चार रेडिओलॉजिस्ट एकच गाठ मोजत असतील, तर आयसीसी, म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन हा मोजणाऱ्यांची जुळणी दाखवणारा गुणांक वापरा, पण त्याचा कोणता प्रकार घेतला ते लिहा. लिन या संख्याशास्त्रज्ञांचा १९८९ चा कॉन्कॉर्डन्स (म्हणजे जुळणीचा) गुणांक कायमचा फरकही पकडतो. पण आकड्यांचा पल्ला मोठा असला, की हे दोन्हीही फुगतात.

किती फरक चालेल, हे डेटा गोळा करण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि दोन्ही मशीनवर प्रत्येकाचं दोनदा मोजा. जुनं मशीन स्वतःशीच जुळत नसेल, तर नवं त्याच्याशी जुळणार कसं?